साहेबाचं लाडकं वाक्य

"बोलो ना काका, वो वाला!"

साहेबानं चुटकी वाजवली. कुत्र्याले वाजवतात तशी. सोफ्यावर तीन पाहुणे. मी चहाचा ट्रे धरून उभा. बोललो, "ऑल हेल ब्रोक लूज, सर."

सगळे खदखदून हसले. एका बाईच्या डोळ्यांत तर हसून पाणी आलं.

राज्य नवीन, राजधानी नवीन. रायपुरात साहेब लोकांचा पूर आला होता. मी चौथी शिकलेला चपराशी, इथल्याच बुढापारा मोहल्ल्यात राहणारा. हा साहेब दिल्लीकडचा. त्याचं हे एकच वाक्य. चहा सांडला, ऑल हेल ब्रोक लूज. लाइट गेली, तेच. अभनपूरकडचे लोक राजधानीत गेलेल्या आपल्या जमिनीचं विचारायले दारात आले, आवाज थोडा चढला, तरी तेच. वरून नाकाले रुमाल. मलेही त्यानं ते पाठ करवलं. पाहुणे आले की माझा खेळ.

घरी पोरीले अर्थ विचारला. ती म्हणाली, "मतलब नरक खुल गया, बाबा. काहून? कौन बोला?"

मी सांगितलं नाही. गरीब माणूस दारात आला की याले नरक दिसते, एवढं मात्र समजलं.

त्याच साली बायको गेली. पोरगा नाही, अग्नी मीच दिला. तेरवी उरकून कामावर गेलो. डोक्याचं मुंडण.

साहेबाजवळ नवीन पाहुणा होता. साहेबानं माझं डोकं पाहिलं. नीटच पाहिलं, अन् हसला. "अरे वाह, नया स्टाइल! सुनाओ काका, साहब को. क्या हाल है?"

मी ट्रे टेबलावर ठेवला. मराठीतच बोललो, "माझी बायको मेली, साहेब. ते वाक्य आता मी बोलत नाही."

पाहुण्याले मराठी समजत होती. त्यानं मान खाली घातली. साहेब म्हणे, "बोलो यार, मज़ाक ही तो है."

"तुम्हीच बोला. तुम्हालेच शोभते."

दुसऱ्या दिवशी माझा स्टूल सायकल स्टँडजवळ गेला, उन्हात. त्याले वाटलं, शिक्षा दिली. एवढं शिकलेला माणूस, जवळ वाक्य एक, अन् लोकांले हसवायले तेही चपराशाच्या तोंडून वदवून घ्यावं लागते! असल्याची शिक्षा मले काय लागणार?

रिटायर होईस्तोवर फायली नेल्या, पाणी दिलं, दार उघडलं. नोकरीत हातपाय लावले होते, जीभ नाही. ती कोणाच्या पगारावर नाही. मरेस्तोवर कोणाच्या पगारावर जाणारही नाही.