बाकड्यांचे दानशूर

आमच्या गावच्या एसटी स्टँडवर सिमेंटची चौदा बाकडी होती. मी मोजली होती; एसटी वेळेवर येत नसल्यामुळे मोजायला सवड भरपूर. प्रत्येकाच्या पाठीवर ऑइलपेंटने कुणाच्या तरी दिवंगत वडिलांचं नाव आणि खाली बाकडं देणाऱ्या मुलाचं, वडिलांपेक्षा मोठ्या अक्षरांत. बसायला कारेगावच्या कारखान्यांकडे निघालेले पुरुष. बायकांना आडोसा हवा असेल तर ओढ्यापर्यंत चालत जावं लागे.

स्टँडवर बांगड्यांचा गाडा लावणारी एक चाची होती. आडोशाची सोय नाही म्हणून ती दिवसभर पाणी पीत नसे. मूतखड्यापायी दोनदा दौंडच्या दवाखान्यात राहून आली. डॉक्टरांनी बजावलं, पाणी प्या, नाहीतर गाडा सोडा. घरात कमावणारी ती एकटीच.

म्हणून महिला ग्रामसभेत स्टँडवर बायकांसाठी मुतारी मागायचं आम्ही ठरवलं. आमची महिला ग्रामसभा म्हणजे शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर यायचा, आम्ही हातातलं काम सोडून सही करायची, की सभा झाली. त्या खेपेला मी सहीआधी ठराव वाचला. महिला-बालकल्याणाच्या निधीतून ग्रामपंचायतीला शंभर खुर्च्या. मी सही केली नाही. शेजारणींनाही वाचून दाखवलं. शिपाई कोरे रकाने घेऊन परत गेला, आणि चार दिवसांनी आम्हाला पहिल्यांदाच खरोखरच्या सभेचं बोलावणं आलं.

सरपंचांना सगळे आप्पा म्हणत. खुर्च्या त्यांनी नाइलाजाने सोडल्या, पण मुतारीला निधी अर्धाच पुरेल, उरलेले पैसे देणगीतून उभे करा, म्हणाले. आम्ही बाकड्यांच्या दानशूरांकडे गेलो. चौदांतल्या एकानेही दिले नाहीत.

"आमच्या बापाचं नाव मुतारीवर टाकू व्हय?" एकाने विचारलं.

मग नाव न टाकता द्या, असं मी सुचवलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला चोरी करायला सांगत होते.

त्या संक्रांतीला आम्ही हळदीकुंकवाला वाण लुटलं नाही. प्लास्टिकच्या डब्यांचे पैसे मुतारीला दिले. बौद्धवस्तीतल्या बायका हळदीकुंकू करत नाहीत. त्यांनी मजुरीतून दिले, आणि आमच्याआधी दिले. चाचीनेही दिले.

बांधकाम उभं राहिलं आणि मुतारीला नाव चालत नाही हे सगळे विसरले. आप्पांनी 'यांच्या अथक प्रयत्नांतून' म्हणून स्वतःचं नाव सुचवलं. उपसरपंचांना आपलंही हवं होतं. दोन बाकडेवाल्यांना आठवलं, की त्यांचा पाठिंबा पहिल्यापासून होता. कुणाचं नाव वर, यावर तीन बैठका झाल्या. तोवर दाराला कुलूप.

चौथ्या बैठकीत चाची शिरली. मी सोबत होते.

"आप्पा, पाटी कितीबी मोठी लावा," ती म्हणाली. "किल्ली तेवढी माझ्याकडं द्या."

किल्ली पंचायतीची मालमत्ता हाय, ती शिपायाकडंच राहील, असं आप्पांनी सांगितलं.

"मंग बाईमाणसानं शिपायाला इचारून जायचं व्हय, आप्पा?"

मागे कुणीतरी खुसखुसलं. शिपाई खाली बघायला लागला. आप्पांनी टेबलाच्या खणातून किल्ली काढून तिच्यासमोर सरकवली आणि पाटीचा विषय पुढे घेतला.

पाटीवर शेवटी सहा नावं आली, सहाही पुरुषांची. ती रंगवून व्हायला महिना लागला. चाचीने कुलूप किल्ली मिळाली त्याच दिवशी दुपारी उघडलं होतं.