तीनचाकीचं प्रस्थान

माझ्या मामांचे पाय तापाने गेले तेव्हा मी ठाण्याला एका कचेरीत उमेदवारी करत होतो. मामा कल्याणच्या शाळेत मास्तर. मलाही बाराखडी त्यांनीच गिरवायला लावली होती. हेडमास्तरांनी त्यांना निरोप धाडला, की दिवाळीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी आपले आपण याल, तर जागा तुमचीच. पाठुंगळी बसून येणाऱ्या मास्तराला मात्र पोरं जुमानणार नाहीत.

तेवढ्यात ठाण्यातला एक साहेब विलायतेला परत निघाला आणि त्याची तीनचाकी आम्हाला मिळाली. हातांनी दोन दांडे पुढेमागे ओढले की ती चालायची, पायांचं कामच नव्हतं. शाळा उघडायला तीन दिवस होते. गाडी कल्याणला पोचवायचं काम माझ्याकडे आलं, आणि चार इयत्ता इंग्रजी झाल्यामुळे आपल्याला सगळंच कळतं अशी माझी समजूत होती. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

मालगाडीच्या एका बंद वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, जागा मिळाली. तीनचाकी आत चढवली ती स्टेशनाच्या मालधक्क्यावर काम करणाऱ्या एका म्हाताऱ्याने. तो अर्धा जन्म मिठागरावर राबलेला, होड्यांत मिठाची पोती रचून बांधण्यात हात मुरलेला. त्याने चाकांच्या पुढेमागे लाकडी पाचरी ठोकल्या. दोर गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला बांधून वाघिणीच्या चारी कोपऱ्यांतल्या कड्यांतून ओढले. मग गाडीवर भार टाकून तिला खाली दाबलं आणि दोर पुन्हा ताणले. मी म्हटलं, एवढा खटाटोप कशाला, चाकंच बांधून टाक.

"चाकाना नाय, दादा," तो म्हणाला. "चाक फिरतं. अंगाला बांदली गारी, मंग हालाची नाय."

त्याने आसन धरून गाडीला हिसका दिला. ती तसूभरही हलली नाही. मग तो दुसऱ्या मालाकडे गेला.

आता माझं शहाणपण सांगतो. आईने नारळ आणि हळदकुंकू बरोबर दिलं होतं आणि बजावलं होतं, की मुहूर्तावर गाडीचं प्रस्थान झालंच पाहिजे. ठरल्या वेळी माणसाला निघता आलं नाही, तर आमच्यात त्याची एखादी वस्तू तरी शेजारी नेऊन ठेवतात, म्हणजे प्रवास मुहूर्तावर सुरू झाला. तशी ही चाकं मुहूर्तावर एकदा तरी पुढे सरकायला हवी होती. हे बाहेर धक्क्यावरच उरकायचं होतं, पण तिथे दोन साहेब उभे होते आणि त्यांच्यासमोर नारळ काढायची मला लाज वाटली. आता वाघिणीत मी एकटाच होतो. मी पाचरी उपटल्या, दोर सोडले, तिन्ही चाकांना कुंकू लावलं आणि गाडी हातभर पुढे ढकलली.

इतक्यात शिट्टी झाली. गार्ड दार लावायला आला. पाचरी पुन्हा ठोकायला वेळ नव्हता. मी दोर चाकांच्या आऱ्यांतून घातले, हाताला सवय होती तशा गाठी मारल्या आणि खाली उतरलो. म्हातारा वीस पावलांवर होता. हाक मारली असती तर आला असता. पण मग त्याच्या गाठी मी सोडल्या हे सांगावं लागलं असतं.

मागच्या गाडीने मी कल्याणला पोचलो. वाघिणीचं दार उघडलं तेव्हा तीनचाकी आडवी पडली होती. एक दांडा मुळातून मोडला होता, एक चाक वाकलं होतं. गाठी इतक्या आवळल्या होत्या की दोर कापूनच गाडी सोडवावी लागली. मामा बाहेर बैलगाडीत बसून वाट पाहत होते. त्यांनी कापलेला दोर हातात घेतला आणि एवढंच विचारलं, की बांधली कोणी.

"ठाण्याच्या धक्क्यावरच्या म्हाताऱ्याने," मी म्हणालो.

मामांनी दोर गुंडाळून मांडीवर ठेवला. शाळा उघडली, मामा घरीच राहिले. लोहाराने दांडा सांधून दिला तोवर महिना लोटला होता आणि मामांच्या खुर्चीवर दुसरा मास्तर बसला होता. मी दर रविवारी कल्याणला जायचो, मामींच्या हातचं जेवायचो आणि मूग गिळून परत यायचो.

अशाच एका रविवारी तो म्हातारा मामांच्या अंगणात येऊन उभा राहिला. गाडी मोडल्याचं त्याला हमालांकडून कळलं होतं. मामांपुढे हात जोडून तो सांगू लागला, की आजवर त्याचा दोर कधी सुटला नव्हता, या वेळी कसा सुटला ते कळत नाही, त्याच्यापायी मास्तरांची रोजी गेली, तर मास्तर देतील ती शिक्षा त्याला कबूल आहे. मी ओसरीवरच बसलो होतो.

मामांनी खुंटीवरचा दोर काढायला लावून त्याच्या हातात दिला. म्हाताऱ्याने तो उलटसुलट केला, गाठीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ती गाठ तुमची नव्हे," मामा म्हणाले. "शाळेतलं दप्तर बांधायची गाठ आहे ती. ह्याला मीच शिकवली."

म्हणजे कल्याणच्या स्टेशनाबाहेर दोर हातात घेतला तेव्हाच त्यांनी ती ओळखली होती. महिनाभर दर रविवारी ते मला समोर बसवून जेवू घालत होते, ते मी आपणहून सांगेन म्हणून. आणि त्या दिवशीसुद्धा बोलावं लागलं ते त्यांनाच.