कंट्रोलची प्लेट

हे मी कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण काही नाही. सांगते आहे.

यवतमाळच्या एका कॉलेजात आमची छोटी प्रयोगशाळा होती. त्या वर्षांत जिल्ह्यात कापसाचं नाव काढलं की माणसं गप्प होत. घाटंजीकडच्या एका शेतात मूळकुजीनं कापसाची पऱ्हाटी वाळत असताना चार ओळी हिरव्या राहिल्या होत्या. त्यांच्या मुळांवर आम्हाला एक जीवाणू सापडला, बुरशीला रोखणारा. कोणत्या जनुकाच्या जोरावर रोखतो, ते शोधायचं होतं.

त्यासाठी उडतं जनुक वापरतात — डीएनएचा एक तुकडा. जीवाणूत सोडला की तो कुठंही घुसतो, आणि ज्या जनुकात घुसेल ते बंद पाडतो. सोबत एक अँटिबायोटिक पचवायची ताकदही देतो. म्हणून प्लेटमध्ये ते औषध घालायचं; तुकडा घुसलेले जगतात, बाकी मरतात. तुकडा न दिलेल्या जीवाणूंची, पण औषध घातलेली एक प्लेट शेजारी ठेवायची — कंट्रोल. ती कोरीच राहायला हवी.

माझी गच्च भरली. म्हणजे मी सगळ्याच प्लेटांत औषध घालायला विसरले होते. मी — जी दुसऱ्यांच्या चुका सगळ्यांसमोर काढायची! मी ती प्लेट निर्जंतुक करायच्या कुकरात टाकली आणि बाकीच्या शबानाला दिल्या. नंतर गुपचूप बदलू, असं ठरवलं होतं. का नाही बदलल्या? कुणी विचारलंच नाही म्हणून?

शबाना नेरच्या एका मेकॅनिकची मुलगी, मला दोन वर्षांनी ज्युनिअर. पाच महिने तिनं टूथपिकनं प्लेटवरचा जीवाणूंचा एकेक ठिपका, म्हणजे वसाहत, उचलून बुरशीसमोर लावली. बुरशीला रोखायचं थांबलेली एकही निघेना. शेवटी आमच्या गाईड सरांनी तिच्या वसाहती औषधावर वाढवून पाहिल्या — सगळ्या मेल्या. तुकडा कशातच नव्हता.

"मी ताईनं देल्लेल्या प्लेटवरूनच उचलले, सर," ती म्हणाली.

सरांनी मला विचारलं, कंट्रोल कशी होती? शबाना माझ्याकडे पाहत होती, अगदी निर्धास्त. मला तिचा रागच आला — इतका विश्वास ठेवते म्हणून.

मी म्हणाले, "कोरी होती."

कंट्रोल कोरी, म्हणजे माझ्या प्लेटांत औषध होतं; मग दुसरा अर्थच उरला नाही. हिनं माझ्या प्लेटा सोडून दुसरीकडचे साधेच जीवाणू उचलले, असं ठरलं. तिचं काम काढून घेतलं, ती नेरला परत गेली. नव्या प्लेटा करून ते काम मी पुरं केलं. त्यावरच माझी डिग्री झाली.

सतरा-अठरा वर्षांनी ती नेरच्या स्टँडवर भेटली. मनापासून हसली. सोबत मुलगी होती, नुकतीच दहावी झालेली, चांगल्या मार्कांनी. सायन्स घेणार ना, मी विचारलं.

"नाही ताई," शबाना म्हणाली. "माह्यानं नाही झालं ते, तुमाले तं माहीतच आहे. हिच्यानं काय होईन? कायले त्या भानगडीत टाकू तिले?"

मुलगी खाली मान घालून ऐकत होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, चांगली शीक म्हणाले, आणि बसमध्ये चढले.