स्वतःविरुद्ध वर केलेला हात

ऐंशी सालाच्या सुमारास आर्वीच्या आमच्या पतसंस्थेच्या सभेत मी स्वतःलाच संचालक मंडळातून काढायला हात वर केला होता. ठरावात माझं नाव ऐकलं आणि वाटलं, सत्कारच आहे! तरुणपणी मी अशीच हुशार होते.

सहकार खात्याचे एक साहेब तपासणीला वर्ध्याहून एसटीने येत. संस्थेचा चहा नको, पंखासुद्धा नको. प्रत्येक वाक्यानंतर चष्म्यावरून बघत "समजलं?" विचारायचे. आम्ही न समजताच माना डोलवायचो.

त्या दिवशी ते सभेलाही बसले होते. माझा वर गेलेला हात पाहून सगळी सभा हसली. सगळ्यात मोठ्यानं आमचे हे, तेही संचालकच. एकटे साहेब हसले नाहीत.

"थांबा, हात मोजू नका. ताई, नवा नियम हाय, एका घरातला एकच संचालक. बाईच निघावी, असं त्यात लिवलं नाई. समजलं?"

पहिल्यांदाच समजलं. मी हात खाली घेतला आणि ह्यांच्याकडे बोट दाखवलं. "मंग यायले काढा!" आधी बायकांचे हात वर गेले, मग हसत हसत पुरुषांचेही.

निघताना मी साहेबांचे आभार मानले. चपला घालता घालता ते म्हणाले, "पुढच्या साली तपासणीले मीच येईन, ताई. आज हात मोजणं थांबवलं म्हणून तवा चुका सोडीन, असं समजू नका."