तोंड उघडायला सांगणारा मुकुंद

मुकुंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिरुवैयारुहून परतणाऱ्या बसमध्ये उभा होतो. सुमतीवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, मोजकंच सांगितलं. सकाळची कॉफी घेतली, चूळ भरली, पेपर घेऊन बसला... आणि हाक मारली तर ओ दिली नाही. त्या क्षणी माझ्या मनात आलं ते एवढंच, की चूळ भरून गेला. कॉफीनंतर चूळ भरा, हे तो चाळीस वर्षं तंजावूरला सांगत होता, आणि माझ्या माहितीत ते ऐकणारा तो एकटाच.

दुपारपर्यंत भिंतींवर पोस्टरं लागली. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो, खाली अश्रूंची अंजली, आणि त्याखाली अंजली वाहणाऱ्यांचे त्याच्याहून ठळक फोटो, अशी पद्धत आहे. आमच्या मराठी मंडळींनी त्यात भर घालून मुकुंदाला 'दंतवैद्यकाचा सम्राट' करून टाकलं होतं. ज्यानं दवाखान्याची पाटी कधी हातभराहून मोठी केली नाही, तो आठ फुटांच्या फ्लेक्सवर ओठ मिटून उभा होता. वाचून म्हणाला असता, "सम्राट कसला पा, पल् डॉक्टर म्हणा." पा म्हणजे आपलं 'बाबा', आणि पल् म्हणजे तमिळमध्ये दात. गावात त्याला सगळे पल् डॉक्टरच म्हणत. मुकुंदराव हे नाव फक्त लग्नपत्रिकेवर यायचं.

आम्ही एका वर्गात शिकलो. तो चेन्नईला दातांचं शिकायला गेला आणि मी इतिहास शिकवायला इथल्याच कॉलेजात लागलो. परत येऊन त्यानं भांड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर दवाखाना उघडला. संध्याकाळी कॉलेज सुटलं की मी तिथल्या खिडकीपाशी, लाकडी स्टुलावर बसायचो. पेशंटच्या खुर्चीवर मात्र एकदाही बसलो नाही. ती यातना भोगणाऱ्यांची जागा, आणि मी प्रेक्षक, अशी माझी समजूत. तिथून मी निम्म्या गावाचे दात ऐकले आहेत. गावाकडच्या बायका यायच्या, लाल पल्पोडीनं, म्हणजे दंतमंजनानं, बोटानं खसाखसा घासून हिरड्यांपाशी खाचा पडलेल्या. मुकुंद शांतपणे सांगायचा, "अम्मा, दात म्हणजे पितळेचा तांब्या नव्हे. तांब्या झिजला तर खालच्या दुकानात नवा मिळतो." मऊ ब्रश घ्या, हलक्या हातानं फिरवा, निजताना एकदा घासा. यापलीकडे त्याच्याकडे तत्त्वज्ञान नव्हतं. मी पुस्तकांतलं काही सांगायला लागलो की तो मशीन सुरू करायचा.

त्याचा थोरला भाऊ, आण्णा, पापनाशमला राहायचा. मुकुंदाहून चौदा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा शेती सांभाळून धाकट्याला डॉक्टर त्यानंच केलं. आण्णा म्हणजे आमच्या समाजाचं चालतंबोलतं शिलालेख-संग्रहालय. लग्नकार्यात पगडी, चांदीच्या मुठीची काठी, आणि आमचे पूर्वज तंजावूरच्या मराठा राजांच्या दरबारात कितव्या आसनावर बसायचे याची माहिती. ते आसन दर लग्नात एकेक जागा पुढे सरकायचं. तोंडात सदैव विडा, वेत्रिलै, म्हणजे कावेरीकाठचं कोवळं पान, सुपारी आणि तंबाखू.

अशाच एका लग्नात, पापनाशमला, आण्णा कुणाच्या तरी विनोदावर डोकं मागे टाकून हसले. मुकुंद त्यांच्यासमोर पंगतीत वाढत होता. परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला. मग म्हणाला, "आण्णांच्या गालात आतून पांढरं दिसलं रे. खरखरीत असावं."

"मग सांग त्यांना."

"कसं सांगू? आण्णांना म्हणू, खुर्चीत आडवे व्हा, तोंड उघडा? मी उभा, आणि ते माझ्या हाताखाली?"

बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. मुकुंद पन्नाशीचा होता, पण आण्णांसमोर खुर्चीवर बसलेलं मी त्याला पाहिलं नाही. त्यांच्याशी काही बोलायचं तर ते वहिनींमार्फत, म्हणजे आण्णांच्या बायकोमार्फत, जायचं. मी त्याला तेव्हा धीर द्यायला हवा होता. त्याऐवजी म्हणालो, "आण्णांचं तोंड उघडायला सांगावं लागतं? बंद करायला सांग, ते अवघड." तोही हसला. पुढं कित्येक वर्षं मला ते हसू आठवत राहिलं.

त्यानं निरोप पाठवला, दात साफ करायला एकदा या. आण्णांचं उत्तर आलं, "आमच्या घराण्यानं शंभरीत ऊस सोललेत दातांनी. तुझ्या मशिनी तमिळ वाद्यारांसाठी ठेव." वाद्यार म्हणजे मास्तर. मुकुंद वाट बघत राहिला. पुढच्या सणाला बोलू, मग त्याच्या पुढच्या. आठ महिने गेले. आण्णा स्वतः आले तेव्हा त्यांना तोंड दोन बोटांहून जास्त उघडता येत नव्हतं. कॅन्सर निघाला, अर्धा जबडा काढला. शेवटचे पाच-सहा महिने आण्णा एक शब्द बोलू शकले नाहीत, पाटीवर लिहायचे. शोकसभेत वक्त्यांनी त्यांच्या वाणीचा गौरव केला. मुकुंद मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता... खुर्च्या रिकाम्या असताना.

त्यानंतर त्याच्या सदऱ्याच्या खिशात एक छोटी टॉर्च आली, आणि लाज गेली. लग्न असो, बारसं असो, देवळाची ओवरी असो, पान खाणारा दिसला की मुकुंद समोर उभा. "जरा आ करा." थोरला असो, धाकटा असो, व्याही असो. एकदा माझ्या आत्तींनी भर मांडवात त्याला सुनावलं, "मुकुंदा, नवरी बघायला आलास की घोडा विकत घ्यायला?" सगळे हसले. तो म्हणाला, "घोडा बरा, आत्ती. सांगितल्याशिवाय दात दाखवतो. आता तुम्ही दाखवा." आणि आत्तींनी दाखवले. लोक त्याला टाळायला लागले. आमंत्रणं कमी झाली. पण निदान तिघांचे डाग त्यानं वेळेवर पकडले. ते तिघं आज नीट जेवतात. त्यांतला एक त्या फ्लेक्सवर होता, सगळ्यांत मोठ्या फोटोत.

आता माझं सांगतो, नाहीतर हे लिहिण्याला अर्थ नाही. जेवणानंतर पान मीही खातो, तंबाखूसकट. गेल्या दिवाळीच्या सुमारास डाव्या गालाच्या आत जिभेला काही खरखरीत लागायला लागलं. आरशात पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं नाही. मग मी दवाखान्यात स्टूल खिडकीपासून सरकवून कोपऱ्यात बसू लागलो. कमी हसू लागलो. मुकुंदाशी बोलताना हात तोंडापाशी न्यायची सवय लावून घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पगड्यांना हसलो, आणि स्वतःच्या अब्रूचा प्रश्न दीड इंच गालावर येऊन ठेपला. बायकोलाही सांगितलं नाही.

तो जाण्यापूर्वी आठ दिवस, आमच्या शेवटच्या संध्याकाळी, त्यानं पेशंट गेल्यावर हात धुतले, खिशातून टॉर्च काढली आणि माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"आ कर."

"आत्ताच कॉफी घेतलीये. उद्या बघ."

त्यानं टॉर्च लावली नाही, परतही ठेवली नाही. मग हळूच म्हणाला, "थोरला झालास की रे तू." आणि दिवे मालवायला गेला. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्याही नाही.

तेरावा झाल्यावर त्याची मुलगी गौरी दवाखाना आवरत होती. ती चेन्नईला दातांचीच डॉक्टर आहे. मराठी समजते, बोलताना मधेच तमिळवर जाते. माझी काही पुस्तकं तिथं होती, ती न्यायला या म्हणाली. गेलो. पुस्तकं पिशवीत भरली, दारापर्यंत आलो, आणि परत वळलो.

"गौरी, माझ्या गालात काही आहे. बघतेस?"

तिनं हातमोजे शोधले. "बसा काका." मी सवयीनं स्टुलाकडे निघालो, तर म्हणाली, "तिथं नाही, इथं." खुर्ची मागं कलली. तिनं वेळ घेतला. गाल ओढून पाहिला, जिभेखाली पाहिलं, मानेच्या गाठी चाचपल्या.

"किती दिवस झाले?"

"वर्ष होत आलं."

"अप्पांना दाखवलं नाही?"

"त्यानं विचारलं होतं."

तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, गुरुवारी मोठ्या हॉस्पिटलात जा, मी चिठ्ठी देते, पान आजपासून बंद, असं एकेक सांगत ती लिहायला बसली. मी आडवाच होतो. आणि तेव्हा मला वरचं छत दिसलं. त्या खोलीच्या भिंतींचे पोपडे मी वर्षानुवर्षं पाहत आलो, त्यावरून त्याला टोमणेही मारले. पण खुर्चीच्या बरोबर वर, चटईएवढा चौकोन गुळगुळीत, स्वच्छ, फिकट निळ्या रंगाचा होता. कडा हातानं मारल्यासारख्या वाकड्या.

"अप्पा दर पोंगलला शिडीवर चढून तेवढंच रंगवायचे," गौरी लिहिता लिहिता म्हणाली. "आडवा झालेला माणूस आधीच घाबरलेला असतो, त्याला पोपडे दिसू नयेत म्हणून."

स्टुलावर बसून कुणी वर बघत नाही. रिपोर्ट अजून यायचा आहे. खुर्ची पुढच्या आठवड्यात विकली जाईल. त्या दिवशी चिठ्ठी लिहून झाली तरी मी उठलो नाही, आणि गौरीनंही उठा म्हटलं नाही.