मोठ्याने वाचलेला कागद

टेलिफोन कंपनीत त्यांना सगळे पारायणबाई म्हणत. एखाद्या ग्राहकाची माहिती मागणारं सरकारी पत्र आलं, की बाई उभ्या राहून, ओळीवर बोट ठेवून, आणणाऱ्यासमोरच ते मोठ्याने वाचायच्या. शेवटी न्यायाधीशांची सही नसली की पत्र परत. अधिकारी जांभया देत, चरफडत, बाई ढिम्म.

ही खोड उगीच लागलेली नव्हती. आठ वर्षांपूर्वी असं एक पत्र त्यांनी न वाचताच पुढे ढकललं होतं. एका नर्सने कुणाकुणाला फोन केले, त्याची यादी गेली. सरकारी दवाखान्यातल्या मुदत संपलेल्या औषधांबद्दल तिने वार्ताहराला सांगितलं होतं. यादीत त्याचा नंबर सापडला आणि तिची नोकरी गेली. फोन बंद करायला ती आली, तेव्हा अर्ज बाईंनीच भरून दिला. मान वर करायची हिंमत काही झाली नाही.

यंदा एक अधिकारी आला. नर्सांच्या मोर्च्यात ज्यांचे फोन होते, त्या चार हजार माणसांची नावं त्याला हवी होती. साहेबांनी बाईंना बाजूला घेतलं.

"बाई, निवृत्तीला सात महिने राहिलेत. वरून फोन आलाय. देऊन टाका, नाहीतर तुमची नोकरी माझ्याच्याने वाचायची नाही."

बाईंनी अधिकाऱ्याचं पत्र हातात घेतलं. "मी वाचते, साहेब. मंजुरीची सही तुम्ही करा."

त्या वाचू लागल्या आणि सगळा विभाग कामं टाकून ऐकू लागला. वाचन सुरू झालं तेव्हा साहेबांच्या हातात पेन होतं. संपलं तेव्हा ते खिशात गेलं होतं.

"न्यायाधीशांची सही आणा," ते अधिकाऱ्याला म्हणाले. "तोवर नावं मिळणार नाहीत."

सही आलीच नाही. वरच्यांनी आदळआपट केली, तर साहेबांनी त्यांच्या बैठकीतही तो कागद मोठ्याने वाचला. शेवटी कंपनीचा नियमच झाला: सहीशिवाय माहिती द्यायची नाही, आणि ज्याची मागितली त्याला कळवायचं. बाईंनी पहिलं पत्र आठ वर्षांपूर्वीच्या त्या नर्सला लिहिलं, आपली चूक कबूल करून. खाली साहेबांनी कंपनीतर्फे माफी मागितली.

बाराव्या दिवशी नर्स काउंटरवर आली.

"माझी यादी देणाऱ्या तुम्हीच का?"

"मीच."

नर्सने पिशवीतून ते पत्र काढून काउंटरवर ठेवलं. मग खुर्ची ओढून बसली.

"नवीन फोनचा अर्ज द्या. पण आधी वाचून दाखवा. सगळा."

बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.