सासूबाईंचा विटाळ

सासूबाईंनी एके दिवशी देव माझ्या हवाली केले तेव्हा मला वाटलं, म्हातारी एकदाची नमली. लग्नाला आठ वर्षं होत आली होती, पण तोवर मला देवाची फुलवातसुद्धा वळू दिली नव्हती. माझी वात जाड होते आणि तेल पिते, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी मात्र मागच्या पडवीतूनच म्हणाल्या की उद्यापासून देवांचं तू बघ, माझे गुडघे दुखतात. मी मनातल्या मनात साखर वाटली.

नागावात आमची लहानशी नारळी-पोफळीची वाडी. सासरे कधीच गेले होते. हे मुंबईला एका गिरणीच्या कचेरीत, महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. घरात आम्ही दोघी, आणि त्यातली मालकीण एकच. सोवळंओवळं त्यांच्याइतकं कडक आळीत कुणाचं नव्हतं. महिन्याचे चार दिवस मी मागच्या पडवीत काढायचे. भाकरी वरून टाकली जायची, पाणी वरून ओतलं जायचं, माझी सावली पाटावर पडली तरी पाट धुवायला निघायचा. मला त्यांचा भारी राग यायचा. माझे दिवस कधी येणार हे माझ्याआधी त्यांना ठाऊक असे, त्याचाही.

गुडघ्यांचं काही खरं नव्हतं. गुडघे दुखणारी बाई उजाडायच्या आत विहिरीवर जाऊन आपलं लुगडं आपणच धूत होती. ओठ पांढरे पडले होते. सुपारी सोलायला बसल्या की दर थोड्या वेळानं भिंतीला टेकायच्या. केळीमागे वाळत घातलेलं त्यांचं लुगडं मी एकदा ओढून पाहिलं, तर धुऊनही रक्ताचा डाग गेला नव्हता. पाळी जाऊन वर्षं लोटलेली विधवा बाई. आळीत कळलं असतं तर आळी काय बोलली असती ते वेगळं सांगायला नको. मीच क्षणभर नको ते मनात आणलं.

लुगडं हातात घेऊनच मी त्यांच्यापुढे उभी राहिले. त्या चिडल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. परसाकडे बसलं की रक्त जातं, म्हणाल्या. दिवाळीपासून. मूळव्याध आहे, सुरण खाल्ला की बसेल.

"मग देव का सोडलेत, आत्या?" आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची रीत.

"जिचं रगत जातं तिनं देवाला शिवायचं न्हाय. कुठनं जातं ते देव बघत बसत न्हाय."

होळी होऊन गेली होती. म्हणजे इतके दिवस ही बाई आपणच आपल्याला बाहेर बसवून होती, आणि कुणाला कळू नये म्हणून गुडघ्यांवर खापर फोडत होती. मी इकडे देव मिळाले म्हणून तोऱ्यात.

अलिबागच्या डॉक्टरांनी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. नीट तपासू द्या म्हणाले, तर सासूबाईंनी पदर आवळून घेतला. मग डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. मूळव्याध असेलही, पण नुसत्या मूळव्याधीनं बाई सहसा इतकी पांढरी पडत नाही. आतड्यात काही वाढलं असेल तर ते साधं की वाईट हे मुंबईलाच कळेल, आणि पावसानं लाँच बंद व्हायच्या आत जा. वाईट म्हणजे काय हे मी विचारलं नाही. त्या रोगाचं नाव तेव्हा कुणी तोंडानं घेत नसे.

रेवसला लाँचमध्ये बसलो तेव्हा वारा होता. अर्ध्या वाटेवर सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. पुन्हा सुरू झालं होतं, आणि उठून जायला कुठे जागा नव्हती. मी चादर त्यांच्या कमरेभोवती गुंडाळली. समोरच्या कोळणीनं काही न विचारता आपली टोपली आमच्या पुढ्यात आडवी सरकवली. भाऊचा धक्का दिसेपर्यंत तिनं ती हलवली नाही. मी मनात म्हणत होते, देवा, एवढ्या पाण्यातून आणलंस, आता पलीकडे पोचव.

हॉस्पिटलात मोठे डॉक्टर म्हणाले, आतड्यात नळी घालून दिव्यानं पाहायला हवं. त्यासाठी टेबलावर गुडघे टेकून, छाती खाली करून राहायचं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, घरी चल. हे कोपऱ्यात उभे. आईपुढे ह्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. नर्सनं समजावून पाहिलं. त्या दाराकडे चालायला लागल्या, आणि दोन पावलांत भिंत धरावी लागली.

माझं डोकं फिरलं. "चला घरी. पण एक सांगून ठेवते, आत्या. तुम्ही गेलात की तुमचे देव मी टोपलीत घालून समुद्रात सोडीन. मला वात वळता येत नाही, मी ते कशाला सांभाळू?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की घरी असते तर पाठीत लाटणं बसलं असतं. मग वळल्या, पदर तोंडावर ओढला आणि टेबलावर चढल्या.

डॉक्टरांना सापडलं. आतड्यात वर, देठाला लोंबणारं मांसाचं बोंड. पॉलिप म्हणाले. केवढं, असं ह्यांनी विचारलं तर म्हणाले, सुपारीएवढं.

"सोललेली का सालासकट?" पदराआडून आवाज आला.

डॉक्टरांना काही कळेना. आमची पोफळीची वाडी आहे, असं सांगून मी साल असलेली सुपारी बोटांनी दाखवली. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, सालासकट. तेव्हा कुणी हसलं नाही.

देठ जाड होता. नळीतूनच तार घालून जाळलं तर रक्त थांबवणं कठीण, म्हणून पोट उघडून, आतड्याला चीर देऊन ते मुळापासून काढायचं. साधं की वाईट हे काढल्यावर तपासून कळणार. पण त्यांच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं, आणि बाहेरून रक्त दिल्याखेरीज डॉक्टर हात लावणार नव्हते. पेजेचं पाणी, एरंडेल आणि एनिमा सुरू झाला, आणि इकडे आमची रक्तं तपासली. ह्यांचं जुळलं नाही. माझं जुळलं.

त्याच सकाळी मी बाहेरची झाले होते. रक्त घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी हळूच सांगितलं. त्यांनी माझं बोट टोचून पाहिलं आणि म्हणाल्या, खातीपिती आहेस, काही होत नाही.

बाटली सासूबाईंच्या खाटेशी टांगली तेव्हा मी शेजारीच उभी होते. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कुणाचं, म्हणून विचारलं. मी सांगितलं. चादरीवर त्यांचा अंगठा पेरांवरून फिरू लागला. काय मोजतायत ते मला पक्कं ठाऊक होतं.

"तू तर बाहेरची हायस."

"हो," मी म्हटलं.

नर्स सुई घेऊन थांबली होती. माझ्याकडे आता धाक घालायला काही उरलं नव्हतं, देवांचा एकदा घालून झाला होता. वाटलं, ही बाई हात काढून घेणार आणि विटाळापायी जीव देणार. आठ वर्षं जिच्या नावानं बोटं मोडली, ती मरायला नको आहे हे मला तिथे, त्या खाटेशी कळलं. मला रडू आलं. सासूबाईंनी डोळे मिटले. हात होता तिथेच ठेवला.

ऑपरेशनच्या दिवशी हे आणि मी बाकावर बसून राहिलो. दार उघडलं की दोघंही उठायचो, आणि दुसऱ्याच कुणाची खाट बाहेर यायची. शेवटी त्यांना आणलं. जिवंत होत्या, पण काढलेला गोळा तपासायला गेला होता आणि ते दिवस ऑपरेशनपेक्षा वाईट गेले. हे जेवणाचा डबा न उघडताच परत न्यायचे. सासूबाई छताकडे बघत पडून असायच्या. एका दुपारी डॉक्टर खाटेपाशी येऊन म्हणाले, गाठ साधी निघाली, विषारी नाही. तशीच राहिली असती तर मात्र पुढचं सांगता आलं नसतं. हे ढसढसा रडले. सासूबाईंनी विचारलं, लाँच चालू हाय ना अजून?

घरी आल्यावर आंघोळ करून त्यांनी सगळ्यात आधी देव परत घेतले. मी वळलेल्या वाती चुलीत घातल्या आणि आपली बारीक वात लावली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

मग माझे दिवस आले. नेहमीप्रमाणे चटई घेऊन मी मागच्या पडवीत गेले. जेवणाच्या वेळी त्या पोटावर हात धरून भाताचं पातेलं घेऊन आल्या. मी ताट पुढे सरकवून अंग चोरून बसले. त्या भिंतीच्या आधारानं माझ्याच चटईवर बसल्या आणि हातानं भात वाढू लागल्या. बोटं माझ्या बोटांना लागली. मी दचकून हात मागे घेतला.

"आत्या, शिवलात मला."

"तुजंच रगत हाय माज्यात," त्या म्हणाल्या. "आता तुजा विटाळ मला कुठला?"

मग भातावर कालवण घातलं आणि निवायच्या आत जेव म्हणाल्या.